घरी नसलेली माणसं

सुरत-भुसावळ पॅसेंजर अमळनेर सोडते, दोन्ही बाजूंना कपाशीची वावरं लागतात आणि मला हमखास मोठी माय आठवते. ती गेली तेव्हा मी पुण्याला होस्टेलवर होतो. पोहोचलो तर ओसरीवर माणसं गप्प बसलेली, आणि स्वयंपाकघरात तिनं दळून आणलेलं कळण्याचं पीठ अर्धा डबा तसंच. तेव्हापासून माझं वाचन जरा बिघडलंच आहे. गोष्टीत कुणी गेलं की मी आधी बघतो, त्या वेळी घरापासून लांब कोण होतं.

साने गुरुजींचा श्याम लांब होता. शिकायला. परतला तेव्हा आई नव्हती. गुरुजींची स्वतःची आई १९१७ साली गेली आणि 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. मधल्या वर्षांपैकी बरीच आमच्या खानदेशातली. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचे. गोष्ट कोकणातली खरी, पण ती सांगणारा श्याम अमळनेरला घडला, असं मला पक्कं वाटतं. आईची आठवण काढता काढता तो स्वतःच आई होऊन बसला. हे पुस्तक फार रडवतं, अशी तक्रार हुशार लोक करतात. करोत बापडे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. असे अठरा रविवार. विनोबांची आई १९१८ साली गेलेली. तिला संस्कृत गीता उमगत नव्हती म्हणून लेकानं ती मराठीत आणली आणि नाव ठेवलं 'गीताई'. बोलणारा पोरका, लिहून घेणाराही पोरका. 'गीता प्रवचने' वाचताना मला गीतेच्या आधी हे दोघं दिसतात.

आणि सांगवीचा पांडुरंग. नेमाड्यांची 'कोसला' आली १९६३ साली, तेव्हापासून त्याला कंटाळलेला, तिरकस, बंडखोर तरुण म्हणतात. माझ्या लेखी तो आधी भाऊ आहे. धाकटी मनी देवीनं जाते आणि हा पुण्यात. तिच्याबरोबर तिच्या पोटी येऊ शकली असती ती सगळी माणसंही गेली, असा भलताच हिशेब तो मांडतो. भलता, पण चुकीचा नाही. श्यामला निदान आईची कामं हाती घेता आली. लहान बहीण गेल्यावर भावानं काय हाती घ्यायचं? आणि कादंबरी तर तो मागे वळून सांगतोय, म्हणजे पहिल्या पानावर भेटणारा पांडुरंगही मनी गेल्यानंतरचाच. त्याचं ते जागोजागचं 'उदाहरणार्थ' आम्ही कॉलेजात हसत हसत म्हणायचो. आता म्हणवत नाही. सरळ बोललो तर आवाज फुटेल, ही भीती मला त्यात ऐकू येते.

मोठ्या मायचा तो डबा आईनं नंतर धुऊन उन्हात ठेवला. हल्ली त्यात दादर ज्वारीचं पीठ असतं.