पाळण्यातली हजेरी

मुलांनो, शाळेतून निवृत्त झाले तरी माझी हजेरी घ्यायची सवय सुटलेली नाही बरं का! फक्त आता माझे विद्यार्थी पाळण्यात असतात. आम्ही चार-पाच आजी-आजोबा आशाताईंकडून यादी घेतो नि घरोघरी विचारतो, "बाळाची लस झाली का?"

जन्मल्यावर लगेच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी पुढचे डोस. ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. रात्रीची जागरणं, बाळाचं रडणं यांत तारखा विसरतातच!

परवा एक तरुण आई म्हणाली, "आजी, मागच्या वेळी रात्रभर ताप होता. आता नको बाई टोचायला!"

मी रागावले नाही. तिला माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी गावात पोलिओची लस पोचलीच नव्हती. दोन वर्षांचा असताना तो तापाने फणफणला. ताप उतरला, पण उजवा पाय लुळा पडला तो कायमचाच. आम्ही लंगडी खेळायचो, तो ओट्यावर बसून गुण मोजायचा.

"लशीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो गं," एवढंच मी म्हटलं. बुधवारी ती बाळाला घेऊन केंद्रावर आली. मीही सोबत होते.

२०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ते अशाच घरोघरी घातलेल्या खेपांमुळे.

तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हं बाळ आहे? मग त्याचं लसीकरण कार्ड बघा आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. घ्याल ना एवढी हजेरी?