उंबरठ्यावरची चित्रशाळा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे स्थानक लागते. तेथे उतरून भातखाचरांच्या कडेकडेने दक्षिणेस काही किलोमीटर गेले, की वेट्टार नदीच्या काठी तिरुक्करुगावूर हे गाव दृष्टीस पडते. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ. गर्भाचे रक्षण करणारे गाव, असा या नावाचा अर्थ सांगतात. येथील शिव मुल्लैवननाथ, म्हणजे जुईच्या वनाचा नाथ. आणि देवी गर्भरक्षांबिका. सातव्या शतकातील अप्पर व संबंदर या शैव संतांनी या क्षेत्राची स्तुती गायिली आहे.

अपत्याची आस धरून दूरदूरच्या स्त्रिया येथे येतात. देवीच्या गाभाऱ्यासमोर त्या जे व्रत करतात, ते पाहण्यासारखे असते. पायरी तुपाने सारवायची आणि तिच्यावर आपल्या हाताने कोलम, म्हणजे रांगोळी, रेखायची. मूल नाही म्हणून घरी-दारी बोल ऐकणारी एखादी स्त्री ते चार ठिपके मांडते, तेव्हा तिने आपले सारे मागणे त्या रेषांत घातलेले असते. थोड्या वेळाने ती पायरी पुसली जाते आणि दुसरी स्त्री पुढे येते.

हीच कला तमिळ गावांतून रोज सकाळी रस्त्यावर येते. उजाडण्यापूर्वी गृहिणी दारापुढे सडासंमार्जन करते आणि चिमटीत पीठ घेऊन ओळीने ठिपके घालते. मग एकच रेषा त्या ठिपक्यांभोवती वळणे घेत फिरते आणि जेथून निघाली तेथे येऊन मिळते. रेषा तुटू नये आणि एकही ठिपका वेढ्याबाहेर राहू नये, हा या वळणदार कोलमचा दंडक. आपली रांगोळी शिरगोळ्याच्या पुडीची. तेथील जुनी रीत तांदळाच्या पिठाची. मुंग्या-पाखरांच्या मुखी चार कण पडावेत, हा त्यामागील भाव. आता मात्र पुष्कळ घरी दगडाची पूडच वापरतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, कोलम अंगण ओलांडून रस्ताभर पसरतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यांवर भोपळ्याची पिवळी फुले खोवलेली दिसतात.

या चित्रांना शेजारधर्माचाही अर्थ आहे. घरात मृत्यू घडला असेल, तर दारात कोलम पडत नाही. सकाळी एखादे अंगण कोरे दिसले, की शेजारीण न विचारता समजते आणि चौकशीला जाते. लेकीबाळी ही कला आई-आजीच्या हाताकडे पाहून शिकतात. पण तिच्यातील शास्त्र साधे नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी व राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमच्या रचनांवर संगणकशास्त्रातील व्याकरणाच्या अंगाने निबंध प्रसिद्ध केला. निरक्षर आजीच्या बोटांत वसलेले नियम अशा रीतीने विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाले.

या परिसरात भिंतींवरील चित्रांचीही उणीव नाही. कुंभकोणमच्या रामस्वामी मंदिरात प्रदक्षिणा घालता घालता भाविकांना भिंतीवरील रामकथा चित्रांतून पाहता येते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात नायककालीन चित्रांच्या थराखाली दडलेली चोळकालीन चित्रे १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांच्या दृष्टीस पडली. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. परमुलखात आपली अक्षरे पाहून मराठी प्रवाशाचे पाऊल तेथे थबकते. ही कामे राजांनी करविली आणि आज तंजावरच्या मंदिराची निगा पुरातत्त्व खाते राखते.

आपल्या काळात हे काम नगरपालिका व कलासंस्था करीत आहेत. चेन्नईतील कण्णगी नगर ही झोपडपट्ट्यांतून उठविलेल्या कुटुंबांची वसाहत. २०२० साली तेथील इमारतींच्या भिंतींवर स्टार्ट इंडिया या संस्थेच्या पुढाकाराने मोठमोठी चित्रे रंगविण्यात आली. उपेक्षित वस्तीला शोभा आली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भिंतीवरचा रंग आज ना उद्या विटणार. तो पुन्हा कोणी द्यावयाचा? वस्तीतील माणसांचा हात त्याला लागला, तरच ते चित्र त्यांचे होईल आणि टिकेल.

कोलमला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. त्याला ना राजाश्रय, ना रखवालदार. पायांखाली ते रोज पुसले जाते आणि रोज नवे होते, कारण ते ज्याच्या त्याच्या दारातील बाईचे असते. त्याला खरे भय आहे ते वेगळेच. शहरातील सदनिकांना अंगण उरले नाही आणि उंबरठ्यावर छापील रांगोळीचा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटविला, की वर्षभर काळजी मिटते. पुण्या-मुंबईतही हेच चालले आहे. तो तुकडा पुसला जात नाही, हे खरे. पण घरातील सुख-दुःखही तो शेजाऱ्याला सांगत नाही आणि मुलीच्या बोटांना काही शिकवीत नाही.

जिन्यापुढची दोन हात जागा रांगोळीला पुरते. रोज साधले नाही, तर सणावारी तरी तेथे मुलींना, आणि मुलांनाही, ठिपके मांडू द्यावेत. तिरुक्करुगावूरच्या त्या पायरीवर याहून अधिक जागा नाही.