ब्लॉक

हॉटेलात मिळणाऱ्या साबणाच्या वडीएवढा त्याचा आकार. वर पांढरट मेण, खाली प्लास्टिकची जाळीदार चौकट, चौकटीच्या तिरप्या कडेवर एक नंबर. मेणात रुतलेला पिवळसर-तपकिरी तुकडा जेमतेम सेंटिमीटरभर. पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याला नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतात. गावाकडून परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेल्या घरांनाही हा शब्द ठाऊक असतो. “स्लाइड आणि ब्लॉक बरोबर न्या,” असं आधीच्या डॉक्टरांनी बजावलेलं असतं.

रिपोर्ट हातात आला की ब्लॉक कपाटात जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. त्याची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते.

शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतो. पेशी जिथल्या तिथे धरून ठेवण्याचा फॉर्मॅलिनचा गुण फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखवला, तो आजही कामी येतो. मग अल्कोहोलने पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल घालवायचं आणि साधारण ६० अंशांवर वितळलेलं पॅराफिन आत मुरू द्यायचं. गार झाल्यावर मायक्रोटोमच्या पात्यावर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एकाला एक चिकटून त्यांची फीत होते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात आणि तंत्रज्ञ ती अलगद काचेवर उचलतो. दर कापागणिक ब्लॉक थोडा संपतो. म्हणून जुना ब्लॉक कापायला देताना चांगले पॅथॉलॉजिस्ट हात आखडता घेतात, आणि ते योग्यच आहे.

ब्लॉकची कसोटी लागते ती डीसीआयएसमध्ये, म्हणजे डक्टल कार्सिनोमा इन सिटूमध्ये. इथे कर्करोगाच्या पेशी स्तनातल्या दूधनलिकेच्या आतच असतात, नलिकेभोवतीचा पातळ पडदा त्यांनी अजून ओलांडलेला नसतो. गाठ बहुधा हाताला लागत नाही, मॅमोग्राममध्ये कॅल्शियमचे बारीक कण दिसतात तेवढेच. आपल्याकडे सरसकट मॅमोग्राफी होत नाही, बायका गाठ लागल्यावर येतात, त्यामुळे असे ब्लॉक कमी. युरोप-अमेरिकेत कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत.

काही जणींत तो पडदा पुढे फुटतो आणि रोग आक्रमक होतो. अनेकींत जन्मभर काहीच होत नाही. उपचार केलेच नाहीत तर किती जणींचा रोग पुढे जाईल, याचे अंदाज साधारण २० ते ५० टक्के असे पसरलेले आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींचे काप अगदी सारखे दिसू शकतात. म्हणून जवळजवळ सगळ्यांवरच शस्त्रक्रिया होते, पुष्कळदा रेडिएशनही दिलं जातं, काहींचा सबंध स्तन काढला जातो. यातल्या जिला या उपचारांची गरज नव्हती, तिला स्वतःलाही ते कधी कळत नाही. मला हे सहन होत नाही.

वीस वर्षांपूर्वीच्या ब्लॉकचं बळ इथे आहे. त्या बाईचं पुढे काय झालं हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि सुरुवात कशी होती ते मेणात असतं.

ब्लॉकमध्ये दोषही आहेत. फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे होतात, आरएनएची तर त्याहून दैना. पण डीएनएवरची मिथिलची खूण बऱ्यापैकी टिकते. मिथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, सायटोसिनला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेले. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा खुणा दाटल्या की ते जनुक गप्प होतं. पेशींच्या वाढीला आवर घालणारं आरएएसएसएफ१ए हे जनुक डीसीआयएसमध्येच असं गप्प झालेलं आढळतं. खुणा वाचायची युक्ती सिडनीत मॅरियन फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली: बायसल्फाइट घातलं की मिथिल नसलेलं सायटोसिन बदलून युरॅसिल होतं, मिथिल असलेलं तसंच राहतं. पण बायसल्फाइटही डीएनए मोडतंच. शिवाय कापात चरबी असते, रक्तातल्या पेशी असतात, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या खुणा वेगळ्या. म्हणून कधी लेझरने नेमक्या नलिकेतल्याच पेशी कापून घ्याव्या लागतात.

एवढं करून ब्लॉक जे सांगतो ते सोपं नाही. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की मिथिलच्या खुणांमधले बरेच बदल डीसीआयएसच्या टप्प्यावरच झालेले असतात. म्हणजे ढोबळ फरक मागेच पडलेला असतो, शोधायचा तो बारीक. २०१५ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, पुढे आक्रमक झालेल्या आणि न झालेल्या डीसीआयएसमध्ये काही ठिकाणी असा फरक दिसला. त्यावर चाकू थांबवावा इतका भरवसा अजून आलेला नाही. तो यायचा तर हजारो ब्लॉक लागतील, आणि म्हणून जागा अडते या कारणाने जुने ब्लॉक टाकून देणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या येले वेसलिंग यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली. आधीचा डीसीआयएस आणि त्यानंतर त्याच स्तनात आलेला आक्रमक कर्करोग यांची जनुकं त्यांनी ताडून पाहिली. सुमारे १८ टक्के जणींत दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नव्हता, दुसरा रोग स्वतंत्रपणे उगवला होता. त्या बायकांच्या ब्लॉकमधल्या पेशींत त्या दुसऱ्या रोगाची खूण सापडणार तरी कुठून? उद्या मिथिलची खात्रीची चाचणी आली आणि तिने ‘धोका कमी’ असं सांगितलं, तरी दरवर्षीची मॅमोग्राफी अशा बाईला चालूच ठेवावी लागेल.