हाकेला ओ आली नाही

'कॅसाबियांका' ही कविता इंग्रजीच्या वाचनपुस्तकांतून कित्येक पिढ्यांना शिकवली गेली. जळत्या जहाजावर एक मुलगा एकटा उभा आहे. वडिलांनी सांगितल्याशिवाय तो जागा सोडत नाही आणि शेवटी जहाजाबरोबरच संपतो, एवढी तिची गोष्ट. चार-चार ओळींची दहा कडवी. खाली आकलनाचे प्रश्न ठरलेले : मुलगा कुठे उभा होता? तो का हलला नाही? त्याच्या अंगी कोणते गुण दिसतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही ठरलेले : धैर्य आणि आज्ञाधारकपणा.

कविता फेलिशिया हेमन्स या इंग्रज कवयित्रीची, १८२६ सालची. त्यामागची घटना मात्र इजिप्तच्या किनाऱ्यावरची आहे. नेपोलियन सैन्य घेऊन इजिप्तमध्ये उतरला होता आणि त्याचे आरमार अलेक्झांड्रियाजवळ अबू कीरच्या उपसागरात नांगर टाकून होते. १ ऑगस्ट १७९८ च्या संध्याकाळी नेल्सनच्या इंग्रज आरमाराने त्याच्यावर हल्ला केला. फ्रेंचांच्या सर्वांत मोठ्या जहाजावर, 'लोरियां'वर, शंभराहून जास्त तोफा होत्या. त्याला आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोचली आणि रात्री दहाच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. त्याचा कप्तान कॅसाबियांका कॉर्सिका बेटावरचा. त्याचा मुलगाही जहाजावर होता. कवयित्रीने दिलेल्या टिपेत मुलाचे वय तेराच्या आसपास आहे. इतर काही नोंदींत तो आणखी लहान आहे. बापलेक दोघेही वाचले नाहीत.

आता कविता नीट वाचा. मुलगा वडिलांना हाका मारतो. माझे काम संपले का, मी जाऊ का, असे विचारतो. उत्तर येत नाही, कारण वडील खाली पडलेले आहेत. ही गोष्ट कवयित्री आपल्याला सांगते. मुलाला ती कधीच कळत नाही. सगळी कविता या एका फरकावर उभी आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही, म्हणून वाचताना घशात आवंढा येतो. गाईडमध्ये नेमका हाच प्रश्न नसतो.

आमची वस्ती कोकणातली, खाडीकाठची. इथल्या कित्येक घरांतले बाप जहाजावर असतात, नाहीतर कुवेत-दुबईत. मी मुलांची शिकवणी घेतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाची अम्मी शाळेतली उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. 'मुलगा का हलला नाही?' या प्रश्नाखाली पोराने लिहिले होते : त्याला वाटले, अब्बांनी अजून ऐकले नसेल. त्यावर लाल फुली आणि शून्य गुण.

"सर, पाठ केलं नाही म्हणून मार्क गेले म्हणतात. पण लिहिलंय ते खोटं आहे का?"

मी म्हणालो, "खोटं नाही भाभी. कवितेत तेच आहे." आणि कविता उघडून त्यांना एकेक कडवे अर्थासह वाचून दाखवले.

गाईडचेही सगळे चूक नाही. कवितेच्या शेवटी त्या मुलाच्या निष्ठेचाच गौरव आहे. पण आज्ञा पाळणे आणि धैर्य दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज्ञा पाळायला सांगणारा लागतो. धैर्याला समोर काय आहे ते कळून पाऊल उचलावे लागते. या मुलाकडे धैर्य होते यात शंका नाही. आग त्याला दिसत होती. पण ज्याने हुकूम दिला तोच आता बोलू शकत नाही, हे त्याला कोणी सांगितले नाही. हा दोष त्याचा नव्हे. त्याला तिथे उभे करणाऱ्या लढाईचा आहे, मोठ्या माणसांचा आहे.

हेमन्सबाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १८१८ साली त्यांचे पती इटलीला गेले आणि पुन्हा कुटुंबात परतले नाहीत. पाच मुलगे त्यांनीच वाढवले, लिहून घर चालवले. कवितेवर कवीचे चरित्र लादू नये, हे मला मान्य आहे. तरीही बापाला हाक मारणारे पोर त्या बाईंनी जवळून पाहिले असेल, असे मला वाटते.

आणि एक व्यवहाराचा मुद्दा. ज्या वर्गात ही कविता शिकवतो, त्याच वर्गात आपण मुलांना सांगतो की आग लागली तर दप्तर उचलू नका, कोणासाठी थांबू नका, आधी बाहेर पळा. मग 'सांगितल्याशिवाय हलत नाही तो चांगला मुलगा' एवढेच या कवितेतून त्यांच्या हाती देऊन कसे चालेल?

म्हणून शिकवणीत ही कविता घेतो तेव्हा गाईडमधले प्रश्न झाले की मी आणखी तीन विचारतो. आपल्याला काय ठाऊक आहे जे त्या मुलाला ठाऊक नाही? वडिलांनी थांब म्हटले तेव्हा त्यांना हेच हवे होते का? आणि तिसरा : वडील शुद्धीवर असते तर मुलाच्या हाकेला काय ओ दिली असती? एका वाक्यात लिहा.

बहुतेक मुले 'पळ' लिहितात. एका मुलीने लिहिले होते : "बेटा, तू उडी मार, मी मागून येतोच."