कशेडीचा घाट आणि सीटखालचे इंजिन

पोलादपूरहून हर्णैला जायचे म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. आधी कशेडी घाट चढून उतरायचा, मग खेडजवळ भरणे नाक्यावर महामार्ग सोडून दापोली गाठायची. दापोलीपासून आसूदच्या सुपारीच्या बागांमधून समुद्राकडे उतार. 2006 पासून आठ वर्षे हा रस्ता माझ्या पायाखालचा, खरे तर चाकाखालचा होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघायचे, रविवारी परत.

तेव्हा मी पोलादपूरला शिकवत होते आणि शौहर कुवेतला होते. हर्णैला अम्मींना अर्धांगवायू झाला. दोन लहान मुले घेऊन, एसट्या बदलत दर आठवड्याला जाणे जमेना. म्हणून 1996 सालची, कितव्या तरी हाताने आलेली पांढरी मारुती ओम्नी घेतली. ही व्हॅन 1984 साली बाजारात आली, 2019 मध्ये बंद झाली. वऱ्हाडापासून मय्यतीच्या घरी जाणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना तिने पोहोचवले आहे, त्यामुळे वाचकांना तिचे वर्णन नको. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली! मे महिन्यात घाट चढताना सीट तव्यासारखी तापे. सासूबाई म्हणत, "खाली खिचडी ठेवली तर खेडपर्यंत शिजेल."

गॅरेजच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सीट उचलून इंजिन दाखवले. "टीचर, घाटात कोण भेटेल, न भेटेल. हे तीन प्लग तेवढे काढायला शिका."

शिकले. प्लग फिकट तपकिरी दिसला की इंजिनाची तब्येत बरी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतेय, आणि तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतेय. काचपेपरने घासायचा, फीलर गेजने फट मोजायची, आधी हाताने पिळायचा आणि मगच पाना लावायचा. पुढे फॅनबेल्टचा ताण, क्लच केबलचा नट, कार्बोरेटरचा जेट हेही जमू लागले. सुरुवातीला मोहल्ल्यातल्या काही जणींनी नाके मुरडली. त्यातल्याच दोघी पुढे स्कूटीचा प्लग घेऊन माझ्या ओट्यावर येत.

गाडीचे वय झाले होते, रबराचे पाइप कडक झाले होते. एका एप्रिलमध्ये ऐन चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. गाडी कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले, सीट उचलली. एक पाइप टोकाशी चिरला होता. झाकणाला लगेच हात लावायचा नाही, आतले उकळते पाणी अंगावर येते. मुलांनी वर चढणारे ट्रक मोजत अर्धा तास काढला. मग चिरलेले टोक कापले, पाइप पुन्हा बसवून क्लिप आवळली आणि दोन कॅन पाणी ओतले. असरच्या आत खेड गाठले.

या गाडीचा खरा उपयोग मात्र हर्णैच्या बंदरावर झाला. अम्मी सहा महिने खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. ओम्नीची बैठक खाली आणि दार सरकते, त्यामुळे भावाने आणि मी त्यांना खुर्चीवरून अलगद आत बसवले. संध्याकाळचा लिलाव चालू होता. होड्यांवरची मासळी घेऊन बैलगाड्या पाण्यातून वर येत होत्या, मागे सुवर्णदुर्ग. दार पूर्ण उघडे ठेवले. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग एका पाटीकडे बघून, अडखळत का होईना, म्हणाल्या, "सुरमई महाग लावलीय. घेऊ नको."

त्या दिवसानंतर दर शनिवारी बंदर ठरलेले. कोळणी अम्मींना ओळखू लागल्या, भाव आधी त्यांना सांगू लागल्या.

2014 साली अम्मींचा इंतकाल झाला. पुढे ओम्नी दापोलीच्या एका पाववाल्याने घेतली. द्यायच्या आदल्या दिवशी मी सरकत्या दाराचे रोलर नवे घातले, कारण पाववाल्याला दिवसातून पन्नास वेळा ते दार उघडावे लागणार होते.

आता कशेडीला बोगदा झाला आहे. मुलगा त्यातून काही मिनिटांत पलीकडे निघतो. त्याच्या गाडीचे बॉनेट मी अजून उघडून पाहिलेले नाही. फीलर गेज मात्र पर्समध्ये आहे.