मोह चार टेराबाइटचा

— द्वितीय वर्ष, कला

मोह कशाचा पडावा याला काही नियम नाही. कुणाला साडीचा पडतो, कुणाला सोन्याचा. मला पडला तो तळहातावर मावणाऱ्या एका काळ्या डबीचा.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस. वसतिगृहात निजानीज झाली होती. खोलीतल्या मैत्रिणीने आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि ती म्हणाली, "ऊठ, तुझी हार्ड डिस्क सेलला लागलीय!" चार टेराबाइटची डिस्क, किंमत 9,499 रुपये. मूळ किमतीवर लाल रेघ मारलेली, आणि खाली एक घड्याळ उलटे पळत होते. सेल संपायला 11 तास 40 मिनिटे.

ती 'तुझी' म्हणाली, कारण गेले सहा महिने मी तिचे कान किटवले होते. माझ्या खात्यात दहा हजारांच्या वर थोडे पैसे होते. 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयातली पुस्तके मांडून आणि झाडून मी ते जमवले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच स्वतःच्या नावावर पैसे असलेलीही मीच पहिली.

तुम्ही म्हणाल, हिला एवढी डिस्क कशाला? तर आजीसाठी! माझी आजी माण तालुक्यातली, ऐंशीच्या घरातली, अंगठेबहाद्दर. पण जात्यावरच्या ओव्या किती येतात, याचा तिलाच पत्ता नाही. लोकसाहित्याच्या तासाला सरांनी सांगितले, की हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मला वाटले, अरे, हे तर आमच्या उंबऱ्यावर बसलेले आहे! सुट्टीत घरी गेले आणि घरातल्या एकुलत्या एक मोबाइलवर आजीचा आवाज भरू लागले. पंधरा दिवस भरला. सोळाव्या दिवशी तो मोबाइल धाकट्या भावाच्या हातून पाण्याच्या हौदात पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला, फुंकर मारली आणि परत दिला. मी पुन्हा विचारायला बसले, तर त्यातल्या कितीतरी ओव्या आजीला आठवेनात. "तवा आठवल्या त्या तवाच्या, आता कुठनं आणू?" म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतले, की ठेवायला मोठी, भक्कम जागा हवी.

त्या रात्री झोप कसली लागते! मी वही काढली आणि गणित मांडले. आवाजाला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. चार टेराबाइट म्हणजे चाळीस लाख एमबी, अर्थात चाळीस लाख मिनिटे. तासांचे दिवस केले, दिवसांची वर्षे केली. उत्तर आले साडेसात वर्षे! म्हणजे आजी साडेसात वर्षे न जेवता, न झोपता अखंड गात राहिली, तर ती डिस्क भरणार. आणि हौदाच्या अपघातानंतर मी नव्याने भरलेला आवाज किती? नऊ तास. जेमतेम अर्धा जीबी! माझे मलाच हसू आले.

पण मोह असा हिशेबाने थोडाच हटतो? तो दुसऱ्या दाराने आत येतो. मन म्हणू लागले, लहान डिस्क घेण्यापेक्षा मोठी दर टेराबाइटला किती स्वस्त पडते! पुढे फोटो येतील, पुस्तके येतील, एम.ए.ला उपयोग होईल. खरे सांगू? आमच्या घरात कुलूप लावून ठेवावे असे कधी काही नव्हतेच. रिकामे का होईना, पण मोठे कपाट आपल्या मालकीचे असावे, असे मला वाटत होते. आजीचे नुसते निमित्त.

सकाळी संगणक कक्षातल्या सरांना गाठले. त्यांनी एक जुनी, बिघडलेली डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी लखलखीत तबकडी. चालू असताना ती मिनिटाला 5400 फेरे घेते, आणि वाचणारा काटा तिला न टेकता, केसाहूनही कमी अंतरावरून फिरतो. हातातून पडली की खेळ खलास. "1956 साली आय.बी.एम.ने पहिली डिस्क काढली. तिच्यात 24 इंच रुंदीच्या 50 तबकड्या होत्या आणि मावत होती 50 लाख अक्षरे," सर म्हणाले. "आता जागा पुष्कळ झाली, पण धोका तोच. मोठी एक घेण्यापेक्षा छोट्या दोन घे. एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे."

हे मी कुठेतरी ऐकले होते. आजी बियाण्याचा जोंधळा राखेत घोळते, एक गाडगे घरात ठेवते आणि दुसरे मळ्यातल्या चुलत्यांकडे. एक घर जळाले तर दुसऱ्या घरातले पेरता यावे म्हणून!

शेवटी मी घरी फोन लावला.

"आजी, तुझ्या ओव्या ठेवायला मोठी पेटी घेऊ का गं?"

"केवढ्याला?"

"साडेनऊ हजाराला."

"आगं बया! येवढ्यात शेरडी येती की! आन् ठिवणार काय तीत? नुसतं बसून इचारल्यावर मला काय येतंय? जातं फिराय लागलं की येतंय सगळं आपसूक."

मी गप्प झाले. आमचे जाते कित्येक वर्षे दारात पडून आहे. त्यावर पाण्याची घागर असते. मी जागेची काळजी करत बसले होते, आणि आजीची अडचण जागेची नव्हतीच. माझ्या मैत्रिणीच्या मोबाइलवरचे घड्याळ पळत होते ते सेलचे. खरे पळणारे घड्याळ दुसरेच होते, आणि त्यावर किती शिल्लक आहे ते कुणी दाखवत नाही.

डिस्क घेतली नाही. दोन पेन ड्राइव्ह घेतले. एक माझ्याजवळ, एक आजीच्या ट्रंकेत. थोडे पैसे जात्याला टाकी लावायला आणि नवा खुंटा बसवायला गेले. उरलेले एसटीसाठी. बायकांना 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे ते पुष्कळ शनिवार पुरतील.

पहिल्या शनिवारी आजीने घागर उतरवायला लावली, पदर खोचला आणि मला समोर बसवून दुसरा हात खुंट्याला लावायला सांगितले. दोन मुठी ओरल्या आणि जाते घरघरू लागले. दहाव्या-बाराव्या फेऱ्याला आजीचे ओठ हलले. घरघर एवढी, की मोबाइलवर आवाज नीट आलेला नाही. माझ्या हाताला फोड आले.

हौदात बुडालेल्या ओव्यांपैकी दोन त्या दिवशी परत आल्या. बाकीच्या अजून वाटेत असाव्यात. येत्या शनिवारी पुन्हा जायचे आहे. आजीने जोंधळे निवडून ठेवले आहेत.