पेठची वाडी

मुलांनो, नाशिकहून पेठची एसटी पकडा आणि खिडकीजवळची जागा धरा. रस्ता जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. पण सावळघाट ओलांडला की सगळं बदलतं. द्राक्षांचे मांडव मागे पडतात आणि डोंगरउतारावर नागलीची (म्हणजे आपल्या नाचणीची) शेतं दिसू लागतात.

इथे पाऊस धो धो पडतो, नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त! तरी उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन लांब लांब चालतात. असं का? वर वीतभर माती, खाली कातळ आणि त्यात उतार. पाणी थांबतच नाही. दमणगंगा, नार, पार या नद्यांतून ते गुजरातकडे पळतं आणि जाताना मातीही नेतं.

मग शेतीला पावसाळ्यातलं एकच पीक. दिवाळी झाली की दाराला कडी घालून माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मुलंही बरोबर जातात आणि शाळा बुडते.

आता क्षणभर तुम्हीच तिथले शेतकरी व्हा बरं! तुमच्याकडे आहे एक एकर उतार. कोणी म्हणालं, "आंब्याची कलमं लावा, चार-पाच वर्षांत फळं मिळतील." लावाल? मी तर आधी विचारलं असतं, "अहो, तोवर खायचं काय?"

या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे 'वाडी'. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बायफ' ही संस्था काढली. तिने १९८२ साली गुजरातेतल्या वांसद्याला हा प्रयोग सुरू केला. वांसदा सुरगाण्याला लागूनच. पुढे वाडी पेठ-सुरगाण्यातही आली. आंब्याच्या झाडांत आठ-दहा मीटर अंतर ठेवायचं आणि मधल्या पट्ट्यात नागली, वरई, उडीद चालूच ठेवायचे. जोडीला काजू. कडेने साग, बांबू, गिरिपुष्प: कुंपणाचं कुंपण, सरपणाचं सरपण. उताराला आडवे चर खणले की माती अडते, पाणी मुरतं. नागली बुडाली तर निदान काजू हाताशी असतो.

पण जमिनीवर आपला हक्क हवा! इथले कितीतरी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आलेत. उद्या कोणी उठवलं, तर झाड थोडंच उचलून नेता येतं? असे हक्क मिळावेत म्हणून २००६ साली वनहक्क कायदा झाला. तो नीट अमलात यावा, ही मागणी घेऊन मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. त्यात आजीबाईसुद्धा होत्या.

आणि हक्क मिळाला, तरी पहिले दोन-तीन उन्हाळे फार कठीण. प्यायलाच पाणी लांबून आणायचं, त्यातलं रोपाला द्यायचं! काहीजण रोपाशेजारी मडकं पुरतात. त्यातून पाणी हळूहळू झिरपतं. शेळ्यांवर नजर ठेवायची ती वेगळीच.

बरं, एवढं करून कलमाला दुसऱ्या वर्षीच मोहोर आला, तर काय करायचं ठाऊक आहे? खुडून टाकायचा! झाडाने आधी अंग धरावं म्हणून. घरातली पोरं कैऱ्यांची वाट बघताहेत आणि आजोबा मोहोर खुडताहेत... तुम्ही असता, तर खुडू दिला असता?